अँटिबायोटिकवर असलेल्या कोणत्या रुग्णाच्या आतड्याला धोका आहे, हे वॉर्डात आधीच कसे ओळखावे

मिरजेच्या रुग्णालयात खाटेवर येऊन पडलेला रुग्ण क्वचितच थेट घरून आलेला असतो. जत, कवठे महांकाळ, आटपाडी किंवा सीमेपलीकडच्या अथणीकडून तो येतो, तेव्हा गावातल्या दवाखान्यात दोन-तीन इंजेक्शने झालेली असतात, तालुक्याच्या ठिकाणी चार दिवस सलाईन लागलेले असते आणि ताप उतरत नाही म्हणून ‘मिरजेला न्या’ असे सांगितले गेलेले असते. आपण केसपेपरवर ‘अँटिबायोटिक : पहिला दिवस’ असे लिहितो, तो त्याच्या आतड्याच्या हिशेबाने दहावा किंवा बारावा दिवस असू शकतो. या लेखात पुढे जे काही सांगितले आहे, त्याचा निम्मा भार या एका चुकीच्या आकड्यावर आहे.

प्रश्न आहे तो क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जिवाणूचा, ज्याला वॉर्डात सगळे ‘सी डिफ’ म्हणतात. १९३५ साली तो नवजात बालकांच्या शौचात प्रथम सापडला आणि प्रयोगशाळेत वाढवायला अवघड म्हणून त्याला ‘डिफिसिल’ हे नाव पडले. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या मोठ्या आतड्याच्या गंभीर दाहामागे त्याचे विष आहे, हे १९७८ मध्ये स्पष्ट झाले. अँटिबायोटिक घेणाऱ्या अनेकांना साधे जुलाब होतात आणि त्यांतील बहुतेकांत सी डिफ नसतो. तरीही ज्यांच्यात तो असतो, त्यांचे, विशेषतः वृद्धांचे, हाल फार होतात. म्हणून जुलाब सुरू होण्याआधीच कोणावर नजर ठेवायची, हे ठरवता आले पाहिजे. निवासी डॉक्टर, वॉर्डच्या सिस्टर आणि क्लिनिकल फार्मासिस्ट या तिघांनी मिळून, संगणक असो वा नसो, रोज सकाळी दहा मिनिटांत करता येईल अशी पद्धत येथे मांडली आहे.

आधी आतड्यात काय घडते ते समजून घ्या

मोठ्या आतड्यात असंख्य निरुपद्रवी जिवाणू नांदत असतात. यकृतातून येणाऱ्या प्राथमिक पित्ताम्लांचे ते दुय्यम पित्ताम्लांत रूपांतर करतात. प्राथमिक पित्ताम्लांमुळे सी डिफच्या बीजाणूंना, म्हणजे त्याच्या कडक कवचातल्या सुप्त रूपाला, अंकुर फुटतो, तर दुय्यम पित्ताम्लांमुळे त्याची वाढ दबते. अँटिबायोटिकने हे रहिवासी जिवाणू मेले की पित्ताम्लांचा तोल बिघडतो, आणि ऊस काढून मोकळ्या पडलेल्या रानात हरळीने घुसावे तसा सी डिफ पसरतो. म्हणजे हा संसर्ग होण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : रान मोकळे होणे आणि बीजाणू तेथे पोचणे. धोक्याचा अंदाज बांधताना या दोन्हींची माहिती लागते. आपल्याकडे पहिल्या गोष्टीची थोडी तरी नोंद असते, दुसरीची बहुधा नसतेच.

यातून आणखी एक गैरसमज दूर होतो. ‘औषध शिरेतून दिले आहे, आतड्याचा काय संबंध’ असे तरुण डॉक्टर पुष्कळदा म्हणतात. सेफ्ट्रियाक्सोनचा मोठा भाग पित्तावाटे आतड्यात उतरतो, त्यामुळे ते शिरेतून दिले तरी आतड्यातील जिवाणूंवर त्याचा घाव बसतोच. याउलट ॲमिकासिन किंवा जेंटामायसिन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतात आणि आतड्याला फारसा धक्का लावत नाहीत. मात्र मूत्रपिंडाचा विचार करूनच ती वापरायची असतात, हे सांगायला नको.

पहिली पायरी : पिशवी मोकळी करा

रुग्ण दाखल झाल्यावर पहिल्या चोवीस तासांत मागील तीन महिन्यांतील सर्व अँटिबायोटिकांची नोंद करावी. तीन महिने यासाठी की औषध चालू असताना आणि संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात धोका सर्वाधिक असला, तरी तो साधारण तीन महिन्यांपर्यंत शिल्लक राहतो.

‘आधी अँटिबायोटिक घेतले होते का?’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘नाही, नुसत्या तापाच्या गोळ्या होत्या’ असेच येते. नातेवाइकांजवळ कापडदुकानाची एक प्लास्टिकची पिशवी असते. तीत जुने रिपोर्ट, घडी घालून फाटलेला एक्स-रेचा लिफाफा आणि खाली दडलेली गोळ्यांची अर्धी पाकिटे असतात. ती खाटेवर रिकामी करायला सांगावी. बऱ्याचदा कात्रीने कापलेल्या पट्टीवर नावाचा पहिला भाग गेलेला असतो आणि चंदेरी कागदावर फक्त ‘...क्झिम २००’ एवढेच उरते. ते सेफिक्झिम असण्याची शक्यता मोठी असते, पण सेफपोडॉक्झिमही त्याच मात्रेत मिळते, म्हणून दुकानाचे बिल सापडते का ते पाहावे. मग रिकामी घरे मोजावीत. दहा घरांपैकी आठ फुटलेली असतील आणि गोळी दिवसातून दोनदा असेल, तर चार दिवस झाले. जे कागदावर नसते, ते ही फुटलेली घरे सांगतात. इंजेक्शनांसाठी ‘हातात सुई किती दिवस होती?’ असे विचारले की बरोबर आकडा मिळतो. अथणीकडचा रुग्ण असेल तर हेच प्रश्न कन्नडमध्ये विचारणारी एखादी सिस्टर किंवा मावशी वॉर्डात सापडतेच.

या पायरीवर मी एवढा जोर देतो, त्याला कारण आहे. मी पूर्वी ज्या रुग्णालयात काम करीत होतो, तेथे सत्तरीच्या पुढच्या एक आजी मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी दाखल झाल्या. आमच्या चार्टवर अँटिबायोटिकचा दुसरा दिवस होता, म्हणून त्यांना जुलाब लागले तेव्हा ‘पाणी बदलले असेल’ असे मीच म्हणालो आणि जुलाब थांबवण्याची गोळी लिहिली. तीन दिवसांनी पोट फुगले, पांढऱ्या पेशी चढल्या आणि तेव्हा कोठे सुनेने पिशवी काढली. तीत दोन आठवड्यांची दोन वेगवेगळी अँटिबायोटिके होती. आजी वाचल्या, पण ते तीन दिवस माझ्या खात्यावर आहेत.

दुसरी पायरी : दिवस मोजा, आणि औषधांची वर्गवारी करा

येथे साधे दिवस न मोजता ‘औषध-दिवस’ मोजावेत. एका रुग्णाला दोन अँटिबायोटिके पाच दिवस दिली, तर औषध-दिवस दहा होतात. कितीही वेळा डोस दिला तरी एका दिवसाचा एका औषधासाठी एकच दिवस धरावा.

पण सर्व औषधांचे दिवस सारख्या तोलाचे नसतात. आजवरच्या अभ्यासांत सी डिफशी सर्वांत जवळचे नाते क्लिंडामायसिनचे दिसले आहे. सेफ्ट्रियाक्सोन, सेफिक्झिम, सेफोपेराझोन अशी तिसऱ्या पिढीची व त्यापुढची सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही क्विनोलोन हीदेखील जास्त धोक्याच्या गटात येतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट आणि पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम यांना मधल्या गटात ठेवावे. डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन आणि ॲमिनोग्लायकोसाइड (वर आलेली ॲमिकासिन, जेंटामायसिन) यांचा धोका कमी. गावाकडून येणाऱ्या कागदांवर ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकाच गोळीत असलेले औषध वारंवार दिसते आणि नातेवाईक त्याला ‘जुलाबाची गोळी’ म्हणतात. ते क्विनोलोन म्हणूनच मोजावे. येथेच बहुतेकांची मोजणी चुकते.

तिसरी पायरी : रुग्णाच्या अंगची कारणे

वय ६५ च्या वर असणे हे सर्वांत सोपे आणि भरवशाचे लक्षण आहे. त्याहून जड असते ते पूर्वी सी डिफ झालेला असणे, कारण पहिल्या आजारानंतर साधारण चार ते पाच रुग्णांमागे एकाला तो उलटतो आणि एकदा उलटला की पुढे उलटण्याची शक्यता वाढतच जाते. जुनाट मूत्रपिंडविकार, केमोथेरपी, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, आतड्याचा जुना दाह, पोटाची शस्त्रक्रिया, नाकातील नळीने अन्न देणे, रक्तातील अल्ब्युमिन कमी असणे आणि अतिदक्षता विभागातील मुक्काम यांची नोंद एकेका खुणेने करावी.

पॅन्टोप्राझोलसारख्या आम्लरोधक औषधांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. आपल्याकडे अँटिबायोटिक लिहिले की हात आपोआप पॅन्टोप्राझोलकडे वळतो, जणू ते जेवणाबरोबरचे लोणचे आहे. ही औषधे घेणाऱ्यांत सी डिफ अधिक आढळतो, हे अनेक निरीक्षणांत दिसले आहे. त्यात औषधाचा स्वतःचा दोष किती आणि मुळात अधिक आजारी माणसालाच ते दिले जाते याचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. व्यवहारात या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही : ज्याला ते कशासाठी चालू आहे हे कोणी सांगू शकत नाही, त्याचे ते बंद करावे. रक्तस्रावाचा धोका असलेल्या रुग्णाचे मात्र बंद करू नये.

चौथी पायरी : बीजाणू येण्याची वाट

वॉर्डात सध्या किंवा मागील काही आठवड्यांत सी डिफचा रुग्ण होता का, या रुग्णाला त्याचीच खाट मिळाली आहे का, दोघांचे शौचालय किंवा बेडपॅन सामाईक आहे का आणि रुग्ण किती दिवसांपासून दाखल आहे, एवढे चार प्रश्न पुरतात. त्यांची उत्तरे फाईलमध्ये नसतात, ती मावशींना ठाऊक असतात. खाटांचा नकाशा काढून भिंतीवर लावला तर हे काम एका नजरेत होते.

पाचवी पायरी : रोज सकाळची विभागणी

आता या सर्व खुणा एका कागदावर आल्या. आमच्याकडे तीन रकाने ठेवले आहेत. ही आमची सोयीची मांडणी आहे, कोणत्याही संस्थेने प्रमाणित केलेले मोजमाप नव्हे, हे ध्यानात घ्यावे. पूर्वी सी डिफ झालेला आणि आज कोणतेही अँटिबायोटिक चालू असलेला रुग्ण सरळ पहिल्या, म्हणजे जास्त धोक्याच्या रकान्यात जातो. ६५ च्या वरचा, जास्त धोक्याच्या गटातील औषधाचे सात औषध-दिवस पूर्ण झालेला आणि अंगची एक तरी आणखी खूण असलेला रुग्णही तेथेच. वरील तीनपैकी दोन गोष्टी असतील तर मधला रकाना, उरलेले तिसऱ्यात. गावाकडचे दिवस यात धरायचेच.

ही विभागणी दाखल होताना एकदा करून भागत नाही. सोमवारी तिसऱ्या रकान्यात असलेला रुग्ण गुरुवारी मेरोपेनेमवर जातो, शुक्रवारी अतिदक्षतेत जातो आणि त्याचा धोका बदलतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मिशिगन विद्यापीठाचे रुग्णालय आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल येथील संगणकीय नोंदींवरून नेमका असाच रोजचा धोका काढला होता. ज्याला संसर्ग झाला असा एक आणि झाला नाही असा एक रुग्ण उचलला, तर त्यांतला अधिक धोक्याचा कोण हे पहिल्या ठिकाणच्या प्रारूपाने (नोंदींवरून धोका काढणाऱ्या संगणकीय गणिताने) शंभरात सुमारे ८२ वेळा आणि दुसऱ्या ठिकाणच्या प्रारूपाने ७५ वेळा बरोबर सांगितले. मला त्यात आकड्यांपेक्षा मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट : पद्धत एकच असली तरी प्रत्येक रुग्णालयासाठी प्रारूप वेगळे तयार केले होते आणि कोणत्या खुणा महत्त्वाच्या ठरल्या यातही फरक होता. दोन अमेरिकी रुग्णालयांत एवढा फरक पडतो, तर तेथील तयार प्रारूप उचलून सांगलीत बसवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून चालणे आहे.

सहावी पायरी : आपलाच अंदाज तपासा

आपली विभागणी कितपत बरोबर आहे, हे मागील वर्षभराच्या फाईलींवर पडताळून पाहता येते. त्यासाठी आधी ‘संसर्ग झाला’ म्हणजे काय हे पक्के करावे. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच, दुसरे उघड कारण नसणे आणि शौचाच्या नमुन्यात विष आढळणे, एवढे तिन्ही मिळून एक रुग्ण धरावा. केवळ जनुकीय चाचणी सकारात्मक आली म्हणून मोजू नये, कारण काहींच्या आतड्यात हा जिवाणू त्रास न देता राहतो. दाखल होऊन तीन दिवस उलटल्यानंतर नमुना घेतला असेल तर तो संसर्ग रुग्णालयात सुरू झाला असे धरण्याची पद्धत आहे.

यात तीन खड्डे आहेत. पहिला असा की ज्या दिवसाचा अंदाज आपण तपासतो, त्या सकाळी ठाऊक असलेलीच माहिती वापरायची. तोंडाने व्हॅन्कोमायसिन, म्हणजे सी डिफवरचेच औषध, सुरू झालेले दिसते म्हणून रुग्णाला जास्त धोका दिला, तर ते भाकीत नव्हे, परीक्षेत पान उलटून उत्तर पाहणे आहे. दुसरा खड्डा अधिक फसवा असतो. पहिल्या रकान्यातल्यांचीच चाचणी केली, तर संसर्ग त्यांच्यातच सापडणार आणि आपली पद्धत उत्तम आहे असे आपल्याला वाटत राहणार. म्हणून जुलाब लागलेल्या प्रत्येकाची चाचणी एकाच नियमाने व्हायला हवी. तिसरा म्हणजे हाव. वर्षभरात वीस रुग्ण सापडले असतील, तर त्यावर पंधरा कारणांचे गणित मांडू नये. ढोबळ नियम असा की एका कारणामागे निदान दहा रुग्ण असावेत, म्हणजे विसांत दोनच कारणे तोलता येतात. लहान रुग्णालयाने म्हणूनच नवे गणित रचण्यापेक्षा माहीत असलेल्या खुणांची साधी यादी वापरणे शहाणपणाचे. फाईली पाहताना नावे व पत्ते वेगळे काढावेत आणि नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी.

एक हिशेब कागदावर करून पाहा. समजा, हजार रुग्णांपैकी दहांना हा संसर्ग होणार आहे. आपली पद्धत त्या दहांपैकी आठ ओळखते आणि उरलेल्या ९९० पैकी वीस टक्क्यांना, म्हणजे १९८ जणांना, विनाकारण पहिल्या रकान्यात टाकते. पहिल्या रकान्यात २०६ जण झाले, त्यांतले खरे आठ. ऐकायला हे निराशाजनक वाटते, पण त्यातून पुढचे धोरण ठरते : पहिल्या रकान्यातल्या रुग्णासाठी जे करायचे ते स्वस्त आणि निरुपद्रवी असले पाहिजे. त्या दोनशे जणांना सरसकट प्रतिबंधक औषध देऊ नये. त्यांच्या चार्टकडे पुन्हा एकदा पाहणे मात्र नक्कीच परवडते.

सातवी पायरी : पहिल्या रकान्यातल्या रुग्णासाठी काय करावे

अँटिबायोटिक सुरू होऊन ४८ तास झाले की कल्चरचा (नमुन्यात कोणता जिवाणू वाढला याचा) रिपोर्ट हाती घेऊन विचारावे : हे थांबवता येईल का, याहून अरुंद पल्ल्याचे, म्हणजे मोजक्याच जिवाणूंवर चालणारे, देता येईल का, शेवटचा दिवस कोणता? शेवटचा दिवस चार्टवर तारखेसह लिहावा. भारतात २०१४ पासून तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम एच-१ या अनुसूचीत, म्हणजे कडक नियमांनी विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत, आहेत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. वॉर्डातही तेवढी शिस्त असायला हरकत नाही.

सिस्टरांच्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास यांच्या) चार्टवर ‘शौच’ या रकान्यात नुसती बरोबरची खूण असते. तेथे संख्या आणि स्वरूप लिहावे : ‘२, घट्ट’ किंवा ‘४, पाण्यासारखे’. पातळ शौच तीनदा झाले की त्याच दिवशी नमुना पाठवावा, मात्र मागील ४८ तासांत रेचक दिले असेल तर आधी ते थांबवून पाहावे. घट्ट शौचाची चाचणी करू नये, एक वर्षाखालील बाळाची करू नये आणि बरे झाल्यावर ‘गेला का’ हे पाहण्यासाठी पुन्हा करू नये. निकाल येईपर्यंत जुलाब रोखणारी गोळी देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर आतडे थिजलेल्या रुग्णाला जुलाब होतच नाहीत. त्याचे पोट फुगणे आणि पांढऱ्या पेशी अकारण चढणे हीच खूण मानावी.

निदान झाले तर व्हॅन्कोमायसिन १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा दहा दिवस तोंडाने देतात. शिरेतून दिलेले व्हॅन्कोमायसिन मोठ्या आतड्यात पोचत नाही, त्यामुळे येथे त्याचा उपयोग नाही. पांढऱ्या पेशी १५,००० किंवा अधिक अथवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.५ च्या वर गेले तर आजार गंभीर समजावा आणि रक्तदाब पडला किंवा पोट फुगले तर सर्जनना त्याच वेळी बोलवावे.

हातांबद्दल एकच सांगतो. खाटेला टांगलेल्या बाटलीतले अल्कोहोल या बीजाणूंना मारत नाही, त्यामुळे या रुग्णापाशी हातमोजे घालावेत आणि नंतर साबण व वाहत्या पाण्याने हात धुवावेत. खाटेचा कठडा, बेडपॅन, शौचालयाची कडी यांवर रोज ताजे केलेले हायपोक्लोराइटचे अर्ध्या टक्क्याचे द्रावण वापरून ते दहा मिनिटे ओले राहू द्यावे. सकाळचे हायपो संध्याकाळपर्यंत उघड्या बादलीत ठेवले तर त्याचा जोर उतरतो.

नातेवाईक हमखास विचारतात, ‘डॉक्टर, दही दिले तर चालेल का?’ जेवणातले दही रुग्णाला पचत असेल तर खुशाल द्यावे, पण त्याने किंवा जिवाणूंच्या पुड्यांनी सी डिफ टळेल असा भरवसा देण्याइतका पुरावा नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाला त्या पुड्या तर देऊच नयेत.

शेवटची नोंद डिस्चार्ज कार्डावर करायची असते, आणि तीच बहुतेकदा राहून जाते. धोका तीन महिने टिकतो आणि रुग्ण मात्र पाचव्या दिवशी जतच्या एसटीत बसलेला असतो. म्हणून कार्डाच्या दर्शनी बाजूला, गरज असेल तर कन्नडमध्येही, दिलेल्या अँटिबायोटिकांची नावे, त्यांचे दिवस आणि हे वाक्य ठळक अक्षरांत लिहावे : ‘अमुक तारखेपर्यंत दिवसातून तीन वेळा पातळ शौच झाल्यास जुलाबाची गोळी किंवा नवीन अँटिबायोटिक घेण्याआधी हा कागद डॉक्टरांना दाखवावा.’ कार्ड हातात देताना ते वाक्य, रुग्णाची पिशवी जी व्यक्ती सांभाळते, तिच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावे.